शिक्का गोपनीय असेल, शिक्क्याचे नियम का गोपनीय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी केंद्राच्या एका मंत्रालयाकडे माहिती अधिकारात अर्ज केला. मागणी एवढीच होती, की गोपनीय कागदपत्रे कशी सांभाळायची याबद्दल मंत्रालयाचे जे नियम, पुस्तिका आणि परिपत्रके असतील त्यांच्या प्रती द्याव्यात. मुदतीत उत्तर आले, पण एका ओळीचे: ‘मागितलेली माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(क) अन्वये देता येत नाही.’ तिचे म्हणणे असे, की मी एकही गुपित मागितलेले नाही. गुपित कसे ठरवतात आणि कसे जपतात एवढेच विचारले आहे. मग नियमच गोपनीय कसे? आणि आता अपील करू की नवा अर्ज?

दोन्ही करा. नकार कायद्यात बसत नाही, म्हणून अपील हवेच. अर्जही सैल लिहिला गेला आहे, म्हणून नवा अर्जही हवा. माहिती अधिकाराची अपिले लिहिण्यात आणि आयोगापुढे मांडण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या विषयात अडकलेले बहुतेक अर्ज एकाच जागी अडकलेले मी पाहिले आहेत: अर्जदार सगळे एका गाठोड्यात मागतो आणि अधिकारी ते गाठोडे जसेच्या तसे परत करतो. गाठोडे सोडून एकेक कागद त्याच्या नावाने मागितला, तर बरेच काही हाती लागते.

आधी नकाराकडे बघू. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘गोपनीय’ असा शिक्का हे माहिती नाकारण्याचे कारण म्हणून कुठेही दिलेले नाही. कलम ८(१)(क) काय म्हणते ते नीट वाचा (इंग्रजी प्रतीत हाच खंड ए). माहिती उघड केल्याने भारताची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, त्याचे धोरणात्मक, वैज्ञानिक किंवा आर्थिक हितसंबंध, परराष्ट्राशी असलेले संबंध यांना बाधा पोचत असेल किंवा एखाद्या अपराधाला चिथावणी मिळत असेल, तर ती नाकारता येते. म्हणजे कसोटी हानीची आहे. कागदाच्या डोक्यावर लाल शाईत काय छापले आहे याची नाही. शिक्का मारणारा अधिकारी आपल्या खात्याच्या सूचनेनुसार मारतो आणि त्या दिवशी त्याच्यापुढे माहिती अधिकाराचा विचार नसतो. जन माहिती अधिकाऱ्याने मात्र तो विचार नव्याने करायचा असतो, आजच्या तारखेला, त्या विशिष्ट कागदापुरता. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणे लिहून द्यावी लागतात, आणि कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते. कलमाचा क्रमांक लिहिला म्हणजे कारण दिले असे होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात सांगितले, की माहिती देणे हा नियम आहे आणि अपवाद काटेकोरपणेच वाचले पाहिजेत. ते प्रकरण तपासाच्या अपवादाचे होते, पण तत्त्व इथेही लागू पडते.

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चे नाव काढले की भले भले अर्जदार गप्प होतात. गप्प होण्याचे कारण नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम २२ त्या अधिनियमाचे नाव घेऊन सांगते, की दोन्हींत विसंगती असेल तिथे माहिती अधिकार वरचढ. कलम ८(२) त्याच्याही पुढे जाते. संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा उघड करण्यातले सार्वजनिक हित मोठे असेल, तर शासकीय गुपिते अधिनियम असो की ८(१) मधला अपवाद असो, प्राधिकरण, म्हणजे ज्याच्याकडे माहिती मागितली ते कार्यालय, ती देऊ शकते. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राफेल प्रकरणात कागदपत्रांवरचा सरकारचा विशेषाधिकाराचा दावा फेटाळला. त्या वेळी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात या दोन्ही कलमांची सविस्तर चर्चा केली आहे. अपिलात त्याचा उल्लेख जरूर करा, पण दोन ओळींत. निकालपत्रांची पाने जोडून अपील जड केले तर ते वाचलेच जात नाही.

अर्ज करणे हा काही गुन्हा नाही, हेही सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न मला दबक्या आवाजात नेहमी विचारला जातो. कायद्याने दिलेल्या वाटेने मागितलेला आणि अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद घेण्यात काहीही गैर नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम २१ चे संरक्षण आहे. कुणीतरी मागच्या दाराने दिलेला कागद ही वेगळी गोष्ट. त्या वाटेला जाऊ नका. प्रबंधासाठी तर नाहीच.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मागायचे काय.

केंद्र सरकारात गोपनीय कागद हाताळण्याचा मूळ ग्रंथ म्हणजे गृह मंत्रालयाची मॅन्युअल ऑफ डिपार्टमेंटल सिक्युरिटी इन्स्ट्रक्शन्स, १९९४. टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड या पायऱ्या, कोणती पायरी कशाला, लिफाफा कसा बंद करायचा, नोंद कुठे करायची, हे सगळे त्यावरूनच ठरते. ही पुस्तिका सबंध मागणाऱ्याला बहुधा तुम्हाला आले तसेच उत्तर येते. माझे मत स्पष्ट आहे: ही पुस्तिका पूर्णपणे झाकून ठेवणे कायद्याच्या कलम ४(१)(ख) शी जुळत नाही. त्या कलमातला पाचवा मुद्दा सांगतो, की आपले कर्मचारी ज्या नियम, सूचना आणि पुस्तिका वापरून काम करतात, त्यांची माहिती प्राधिकरणाने न मागता प्रसिद्ध करायची आहे. पण मत बाजूला ठेवून काम करायचे तर पुस्तिकेवर डोके आपटण्याआधी तिच्या भोवतीचे कागद गोळा करा. ते खुले आहेत किंवा सहज खुले होऊ शकतात, आणि ते हातात असले की पुस्तिका दडवण्याचे समर्थन करणे अवघड होते.

पहिला खुला कागद गृह मंत्रालयाचाच आहे, राष्ट्रीय माहिती सुरक्षा धोरण आणि मार्गदर्शक तत्त्वे. संगणकावरच्या सरकारी माहितीसाठी ती लिहिली गेली. त्यात वर दिलेल्या चारही पायऱ्यांच्या व्याख्या आहेत. टॉप सिक्रेट म्हणजे जी फुटल्यास राष्ट्रीय सुरक्षेला किंवा राष्ट्रहिताला अपवादात्मक गंभीर हानी होईल अशी माहिती. सिक्रेट म्हणजे गंभीर हानी. कॉन्फिडेन्शियलच्या व्याख्येत तर असेही म्हटले आहे, की नीट विचार केला तर बहुतेक माहिती या पायरीच्या वर जाणार नाही. अपिलासाठी हे वाक्य फार उपयोगी आहे. व्याख्या खुल्या असतील तर ‘व्याख्या दिल्या तर देश धोक्यात येतो’ हा युक्तिवाद उभाच राहत नाही.

दुसरा कागद म्हणजे केंद्रीय सचिवालयाची कार्यालयीन कार्यपद्धतीची पुस्तिका. तीत शासकीय माहिती आणि कागदपत्रांच्या सुरक्षिततेवर वेगळे प्रकरण आहे. तीही खुली आहे.

तिसरा आहे दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचा पहिला अहवाल, जून २००६ चा, माहिती अधिकारावरचा. वीरप्पा मोईली त्या आयोगाचे अध्यक्ष होते. शासकीय गुपिते अधिनियम रद्द करून हेरगिरीची कलमे राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घ्यावीत, ही त्याची शिफारस बऱ्याच जणांना माहीत असते. त्याच अहवालात सुरक्षा-सूचनांच्या या पुस्तिकेची चर्चा आहे आणि ती बदलण्याची शिफारसही आहे. टॉप सिक्रेट शिक्का सहसचिवापेक्षा, सिक्रेट उपसचिवापेक्षा आणि कॉन्फिडेन्शियल अवर सचिवापेक्षा खालच्या पदाच्या अधिकाऱ्याने मारू नये, असे त्यात सुचवले आहे. मंत्रालयाकडे मागण्यासारखा नेमका कागद इथूनच तयार होतो: या शिफारशीवर तुमच्याकडे काय कार्यवाही झाली, त्याची फाइल आणि टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांनी त्या फाइलीत लिहिलेले शेरे. टिपणी मिळत नाही असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. टिपणी ही कायद्याच्या अर्थाने माहितीच आहे हे केंद्रीय माहिती आयोगाने फार पूर्वी सांगितले आहे आणि कार्मिक विभागाने २००९ मध्ये परिपत्रक काढून ते मान्यही केले आहे.

चौथा कागद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी मागत नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ आणि त्याखालचे १९९७ चे नियम. नियम ७ म्हणतो, की प्रत्येक अभिलेखनिर्मात्या कार्यालयाने अवर सचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी कार्यालयीन आदेशाने नेमायचा, आणि त्या अधिकाऱ्याने दर पाचव्या वर्षी गोपनीय अभिलेख तपासून त्यांचा दर्जा उतरवता येतो का हे बघायचे. म्हणजे गुपिताला मुदत असते, आणि ती तपासायला माणूस नेमलेला असायला हवा. हे का महत्त्वाचे? कारण गोपनीय शिक्का असलेला अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागारात जात नाही. शिक्का उतरला नाही तर तो कागद मंत्रालयाच्या कपाटातच राहतो. तिथे तो सापडला तर सापडला, वाळवीने खाल्ला तर कुणाला पत्ता नाही. आपल्याकडे १९४७ नंतरच्या लष्करी आणि परराष्ट्र इतिहासाचे कागद अभ्यासकाला मिळत नाहीत याचे एक मोठे कारण हे न झालेले पुनर्विलोकन आहे. गुपित राखायचे असते हे मान्य. पण ज्याची मुदत संपली तेही राखले जाते, आणि तेही केवळ कुणी फाइल उघडली नाही म्हणून, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून नवा अर्ज नियम ७ वर उभा करा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ च्या नियम ७ खाली आपल्या मंत्रालयाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या, सध्या अंमलात असलेल्या कार्यालयीन आदेशाची प्रत द्यावी. १ जानेवारी २०१५ पासून आजपर्यंत या नियमाखाली झालेल्या प्रत्येक पुनर्विलोकनाची तारीख, तपासलेल्या फाइलींची संख्या आणि दर्जा उतरवलेल्या फाइलींची संख्या दाखवणारे अभिलेख द्यावेत. दर्जा उतरवलेल्या फाइलींची यादी द्यावी. एखाद्या फाइलीचे शीर्षक कलम ८(१) खाली येत असल्यास तेवढे शीर्षक कलम १० प्रमाणे वगळून उरलेली यादी द्यावी. याच काळात राष्ट्रीय अभिलेखागाराकडे याबाबत केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात.’

यात एकही गुपित मागितलेले नाही. आदेश, तारखा, संख्या, आणि ज्यांचा शिक्का आधीच उतरला आहे अशा फाइलींची यादी. इथे कलम ८(१)(क) लावायचे तर अधिकाऱ्याला सांगावे लागेल, की अवर सचिवाची नेमणूक कळल्याने देशाच्या सुरक्षिततेला बाधा कशी येते. आणि समजा उत्तर आले, ‘असा अधिकारी नेमलेला नाही’ किंवा ‘पुनर्विलोकन झालेले नाही’, तर तुमच्या प्रबंधाला याहून मोठा पुरावा कुठला हवा? माझ्या अनुभवात या अर्जाला येणारे सर्वांत बोलके उत्तर ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही, हेच असते. ते सही-शिक्क्यानिशी घ्या आणि जपून ठेवा.

याच धर्तीवर आणखी कागद मागता येतात. शिक्का मारण्याचे अधिकार कोणत्या पदांना दिले त्याचा आदेश. गोपनीय कागदांच्या हाताळणीबद्दल कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले असेल तर त्याचे वेळापत्रक आणि विषयपत्रिका. अभिलेख नष्ट करण्याआधी करायच्या नोंदींचा कोरा नमुना आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी. ही यादी आवर्जून मागा. परवानगीशिवाय आणि ठरलेल्या पद्धतीबाहेर सार्वजनिक अभिलेख नष्ट करणे हा १९९३ च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा. ‘फाइल सापडत नाही’ या उत्तरामागे काय आहे ते या यादीवरून कळते.

काही गोष्टी मात्र मागू नका, आणि हे मी केवळ डावपेच म्हणून सांगत नाही. गोपनीय कागदांच्या तिजोऱ्या कोणत्या खोलीत आहेत, किल्ल्या कुणाकडे असतात, पाळ्या कशा बदलतात, कोणती संकेतलिपी वापरतात, कोणत्या प्रणालीत काय त्रुटी आढळल्या, हे उघड झाले तर खरोखर हानी होऊ शकते. तिथे नकार योग्यच आहे. एका अर्जात नऊ निरुपद्रवी मुद्दे आणि एक असा मुद्दा घातला, तर त्या एकाच्या आडून नऊही नाकारले जातात. अधिकारी घाबरलेला असतो. गोपनीय शब्द दिसला की त्याला आधी स्वतःची चौकशी दिसते. त्याला सहीसाठी सुरक्षित जमीन द्यावी, म्हणजे तो सही करतो.

‘का’ने सुरू होणारे प्रश्नही टाळा. ‘ही पुस्तिका गोपनीय का ठेवली आहे?’ याचे उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितले, की माहिती म्हणजे अभिलेखात जे आहे ते, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे स्पष्टीकरण नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटले, की नसलेली माहिती तयार करून देण्याची किंवा मत देण्याची सक्ती नाही. तेव्हा प्रश्न वळवून मागा: ‘ही पुस्तिका गोपनीय ठेवण्याचा निर्णय ज्या टिपणीवर झाला, त्या टिपणीची प्रत द्यावी.’ मागणी तीच राहते, फक्त आता ती अभिलेखाची होते.

कलम १० बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयात सगळा खेळ त्यावर आहे. कागदाचा काही भाग अपवादात येत असेल तर तेवढा वगळून उरलेला द्यायचा, असे ते कलम सांगते. कागद सबंध नाकारता येतो तो फक्त काहीच वेगळे काढता येत नसेल तेव्हा. एका केंद्रीय कार्यालयात एका अर्जदाराबरोबर मी फाइलीच्या तपासणीला गेलो होतो. आधी उत्तर ठाम नकाराचे होते. प्रथम अपिलात आम्ही फक्त कलम १० वर भर दिला. तपासणीच्या दिवशी टेबलावर फाइल आली तेव्हा काही पानांवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या टाचणीने लावलेल्या होत्या. त्याखाली नावे आणि एक दूरध्वनी क्रमांक असावा. बाकी सगळे वाचता येत होते: कुणी काय सुचवले, कुणी विरोध केला, निर्णय कोणत्या तारखेला झाला. आम्हाला हवे होते ते त्या वाचता येणाऱ्या भागातच होते. पट्ट्यांसह छायाप्रती काढून दिल्या गेल्या, प्रत्येक पानावर सही होऊन. ‘सगळे किंवा काही नाही’ या हट्टात जे मिळाले नसते ते पट्टीच्या युक्तीने मिळाले. म्हणून अर्जातच लिहून टाका: ‘काही भाग वगळणे आवश्यक वाटल्यास कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून, वगळल्याची कारणे कळवून, उरलेला भाग द्यावा.’ हे वाक्य असले की सबंध नकार देणाऱ्याला आधी या वाक्याचे उत्तर द्यावे लागते.

तुमच्या हातातल्या नकारावरचे प्रथम अपील आता लिहायला घ्या. मुदत उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. केंद्राकडे अपिलाला शुल्क नाही. मजकूर एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. मी असे लिहीन: नकारात कलमाचा फक्त उल्लेख आहे, कोणत्या हितसंबंधाला कशी बाधा येते हे सांगितलेले नाही, त्यामुळे कलम ७(८) पाळले गेलेले नाही. मागितलेल्या प्रत्येक कागदाचा वेगवेगळा विचार झालेला नाही. कलम १० चा विचार झालेला नाही. माहितीच्या वर्गीकरणाच्या व्याख्या गृह मंत्रालयाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या आहेत, प्रत सोबत जोडली आहे. मंत्रालयात वापरल्या जाणाऱ्या सूचना आणि पुस्तिका कलम ४(१)(ख) खाली आपणहून प्रसिद्ध करायच्या आहेत. आणि शेवटी मागणी: निदान पुस्तिकेची अनुक्रमणिका, व्याख्यांचा भाग आणि दर्जा उतरवण्याचा भाग द्यावा. अनुक्रमणिका मागण्याचा फायदा असा, की ती मिळाली तर पुढच्या अर्जात प्रकरणाच्या क्रमांकाने मागता येते, आणि ती नाकारली तर आयोगापुढे नकार किती टोकाचा आहे ते आपोआप दिसते.

प्रथम अपिलावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. तो विरोधात गेला किंवा आलाच नाही, तर ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे वेळ लागतो, फार लागतो, हे मनात धरूनच प्रबंधाचे वेळापत्रक आखा. सुनावणीला दिल्लीला जावे लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या राष्ट्रीय सूचना केंद्रात दृक्‌श्राव्य पद्धतीने हजर राहता येते. बोलायला मिळणारी मिनिटे थोडीच असतात, म्हणून एका पानावर तक्ता करून आधी पाठवा: काय मागितले, काय उत्तर आले, अपवाद का लागू नाही.

आयोगापुढे एक विनंती आवर्जून करा. कलम १८ खाली चौकशी करताना आयोग कोणताही अभिलेख तपासू शकतो आणि तो कोणत्याही कारणाने आयोगापासून रोखता येत नाही. तेव्हा ‘आयुक्तांनी पुस्तिका स्वतः पाहावी आणि कोणता भाग खरोखर अपवादात येतो ते ठरवावे’ असे लिहून मागा. १९६२ च्या युद्धावरच्या हेंडरसन ब्रुक्स अहवालाचे उदाहरण या ठिकाणी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी तो माहिती अधिकारात मागितला, तेव्हा आयोगाने अहवाल स्वतः तपासला आणि २००९ मध्ये तो न देण्याचाच निर्णय केला. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी संकेतस्थळावर टाकला. अर्जदाराला आयोगाकडून अहवाल मिळाला नाही, पण निर्णय कागद बघून झाला, नुसत्या शिक्क्यावरून नाही. अर्जदाराचा एवढा तरी हक्क आहेच. आपल्या प्रकरणात तर युद्धाचा अहवाल नाही, कार्यपद्धतीची पुस्तिका आहे. तिथे निकाल वेगळा लागण्याची शक्यता कितीतरी जास्त.

दुसऱ्या अपिलात मागणी केवळ प्रतींची ठेवू नका. कलम १९(८)(क) खाली आयोग प्राधिकरणाला काही प्रकारची माहिती प्रसिद्ध करायला आणि अभिलेखांच्या जतन, व्यवस्थापन व नाशाच्या पद्धतीत बदल करायला सांगू शकतो. नियम ७ चा अधिकारी नेमलेला नसेल, तर तो नेमायला सांगा अशी मागणी इथेच करायची.

वीस वर्षांच्या नियमाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी लागते हे खरे, पण खंड क, ग आणि झ यांना ही सवलत नाही. म्हणजे सुरक्षितता, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद वीस वर्षांनंतरही आपोआप खुले होत नाहीत. तेव्हा जुन्या गोपनीय कागदासाठी ८(३) वर विसंबू नका. तिथे खरा आधार पुन्हा अभिलेख नियमांचा, आणि लष्करी कागद असतील तर संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाचा. युद्धे आणि मोहिमांचे अभिलेख साधारणपणे २५ वर्षांत खुले व्हावेत असे ते धोरण सांगते. त्याखाली किती अभिलेख तपासले गेले आणि किती अभिलेखागाराकडे गेले, हा एक स्वतंत्र अर्जाचा विषय आहे. रेटा लावला की बदल होतो हे नेताजींच्या फाइलींनी दाखवले आहे. परराष्ट्रांशी संबंध बिघडतील असे कारण देऊन ज्या फाइली माहिती अधिकारात नाकारल्या जात होत्या, त्यांच्यापैकी १०० फाइली २३ जानेवारी २०१६ रोजी खुल्या झाल्या.

अर्ज कुठे करता याकडेही लक्ष द्या. गुप्तवार्ता विभाग, रॉ आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या इतर संघटना कलम २४ मुळे कायद्याच्या बाहेर आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या भंगाचे आरोप एवढाच अपवाद. ही अनुसूची वाढत असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये संगणकीय आणीबाणी हाताळणारी सर्ट-इन ही संस्थाही तीत गेली. तेव्हा तोच कागद गृह मंत्रालय, कार्मिक विभाग किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराकडेही असेल, तर तिकडे मागा. परिपत्रक एकाने काढलेले असते आणि अनेकांकडे पोचलेले असते. ‘धारण केलेली’ माहिती कुठल्याही धारकाकडून मागता येते.

महाराष्ट्र शासनाकडे हाच विषय घेऊन जाणार असाल तर तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. केंद्राकडे ५०० शब्दांपर्यंत मुभा आहे. वर दिलेला मजकूर त्यामुळे दोन अर्जांत तोडावा लागेल. दोन, इथे आधार महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा घ्यायचा, केंद्राच्या नियम ७ चा नाही. आणि तीन, ‘अभिलेख वर्गीकरणाचे नियम द्यावेत’ एवढेच लिहिले तर तुम्हाला अ, ब, क, क-१, ड ची यादी मिळेल. कारण आपल्या कार्यालयांत वर्गीकरण म्हणजे कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता ३० वर्षे आणि कोणता एका वर्षात नष्ट करायचा ते. अधिकाऱ्याची त्यात चूक नसते, त्याने विचारले तेच दिले. ‘गुप्त किंवा गोपनीय असा दर्जा देणे, तो दर्जा उतरवणे आणि अशा कागदांची हाताळणी याबाबतचे शासन निर्णय, परिपत्रके व आदेश’ असे उलगडून लिहा. राज्याने कलम २४(४) खाली कोणत्या संघटना वगळल्या आहेत त्याची अधिसूचना आधी मिळवून ठेवा, म्हणजे अर्ज चुकीच्या दारात जाणार नाही. प्रथम अपिलाला इथे २० रुपयांचा न्यायालय फी मुद्रांक लागतो, तो लावायला विसरू नका.

तुमच्यापुढे आता क्रम असा. नकार मिळाल्याची तारीख पाकिटावरून किंवा पोर्टलवरच्या नोंदीवरून पक्की करा आणि प्रथम अपील या आठवड्यात पाठवा. त्याची वाट न बघता नियम ७ चा अर्ज त्याच मंत्रालयाकडे आणि तसाच एक राष्ट्रीय अभिलेखागाराकडे करा. दोघांच्या उत्तरांत तफावत निघाली, म्हणजे मंत्रालय म्हणाले पुनर्विलोकन झाले आणि अभिलेखागाराकडे त्याची नोंदच नसली, तर ती दोन्ही उत्तरे दुसऱ्या अपिलाला जोडा. नव्या अर्जाच्या वेळी शुल्क १० रुपये, आणि तपासणीही मागून ठेवा. केंद्राकडे तपासणीचा पहिला तास विनाशुल्क असतो, आणि कोणत्या पानाची प्रत घ्यायची हे समोर बसून ठरवता येते.